तळायच्या राहिलेल्या टिक्क्या

किसणीवर कणसाबरोबर अण्णांच्या अंगठ्याचं सालटंही गेलं, तेव्हा त्यांनी आधी परातीत पाहिलं आणि मग अंगठ्याकडे. परातीतल्या पिवळ्या किसात लाल काही पडलेलं दिसलं नाही. म्हणजे नुकसान खासगी होतं, सार्वजनिक नव्हतं. त्यांनी अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं पुढचं कणीस उचललं.

"पुरे आता, अण्णा," वसुधा ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली. "दोघांना... तिघांना एवढं कशाला?"

'दोघांना' आणि 'तिघांना' यांच्यामध्ये ती जेवढी थांबली तेवढ्यात अण्णांनी अर्धं कणीस किसून काढलं.

"श्रीराम एकटा किती खातो ठाऊक आहे ना तुला? 'संध्याकाळी गरम टिक्क्या खायला येतो' म्हणून गेलाय."

वसुधानं हात पुसले. तिनं खिडकीतून मागच्या अंगणातल्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं ऊन वरच्या विटांपर्यंत चढलं होतं. घरात दोन घड्याळं होती, पण दुपारपासून ती त्या भिंतीवरच वेळ बघत होती. त्या वर्षी अतिरेक्यांच्या भीतीनं अंधार पडला की रोडवेजच्या गाड्या जिथे असतील तिथे थांबायच्या. रात्री पंजाबात बस चालत नसे. ऊन भिंतीवरून जायच्या आत जो घरी आला तो आला.

वसुधाचा नवरा श्रीराम सकाळी लुधियान्याला गेला होता. सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत तो जिवाणूंवर काम करायचा, आणि तिकडच्या कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला त्याला बोलावलं होतं. आज अर्धी मुलं, सोमवारी उरलेली. दुपारी एकच्या सुमाराला शेजारच्या बीजी भिंतीपाशी आल्या. बीजींचे गुडघे साऱ्या सेक्टरला ठाऊक होते, त्यामुळे त्या सावकाश येणार यात नवल नव्हतं. पण आज त्या भिंतीचा आधार घेत, मध्ये एकदा थांबून, पुन्हा दोन पावलं टाकून आल्या, आणि अण्णांना त्या काय बोलणार ते आधीच कळलं.

अण्णांनी कऱ्हाडच्या पोस्टात जन्म घालवला होता. तारेचा शिपाई कोणती तार घेऊन निघालाय हे ते खिडकीतून पाठमोरा बघून सांगत. मुलगा झाल्याची तार असली की शिपाई कोपऱ्यापासूनच सायकलची घंटी वाजवत सुटायचा, बक्षिशीच्या आशेनं. दुसऱ्या जातीची तार असली की तो कोपऱ्यावर सायकलवरून उतरायचा आणि चालत जायचा. लिफाफा बंद असायचा, पण पायांना मजकूर ठाऊक असायचा.

"रेडियो पे बोला है जी," बीजी म्हणाल्या होत्या. "लुधियाना रोड पे बस रोकी है. गोली चली है."

कोणती बस, कुठून सुटलेली, किती माणसं, हे रेडिओनं सांगितलं नव्हतं. वसुधा तशीच ऑटो करून सेक्टर सतराच्या बसअड्ड्यावर गेली. चौकाचौकात वाळूची पोती होती, त्यांच्यामागून बंदुकीची नळी सगळ्यांकडे सारख्याच प्रेमानं बघत होती. अड्ड्यावर चौकशीची खिडकी बंद होती आणि खिडकीपुढे माणसांचा ढीग होता. एका इन्स्पेक्टरनं सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिलं: घरी जा. ती घरी आली, तेव्हा सासरे मक्याची कणसं सोलत बसले होते.

तिला क्षणभर राग आला. तो येणं बरोबरच होतं, कारण या टिक्क्यांपायीच सकाळ नासली होती.

त्याचं असं झालं होतं. मागच्या महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात हवाई दलातल्या एका विंग कमांडरच्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, मक्याच्या टिक्क्या केल्या होत्या. आत चीज. टिक्की मोडली की चीजची तार लांब ताणली जाई, आणि सत्तरी ओलांडलेले अण्णा ती तार तोंडानं पकडण्यात इतके रमले की पुढच्या पानांचा खोळंबा झाला. चीजचा डबा मिलिटरी कँटीनचा होता. श्रीरामकडे कँटीनचं कार्ड नव्हतं. अण्णांनी महिनाभर हा विषय घरात तेवत ठेवला.

"सरकार ह्याला जंतू पाळायचा पगार देतं," ते सुनेला सांगत, "आणि घरात चीज नाही. हलवायाच्या घरी साखर नसावी तसं झालं."

शेवटी आज सकाळी त्यांनी स्वतःच मनावर घेतलं. चीज नाही तर पनीर, ताणायचं ते आपण मनानं ताणू, असं म्हणून चहापुरतं पावशेर सोडून सगळं दूध उकळायला ठेवलं आणि फ्रीजमधली दह्याची वाटी त्यात उपडी केली. दूध फाटलं. वाटीच्या तळाशी राहिलेलं दही वाया जाऊ नये म्हणून अण्णांनी बोटानं निपटून खाल्लं, आणि वाटी विसळून पालथी घातली. मग पनीर फडक्यात बांधून त्यावर वजन म्हणून श्रीरामचा जाडजूड प्रबंध ठेवला. त्या प्रबंधाचा मानवजातीला उपयोग व्हायची ती पहिलीच वेळ होती.

श्रीराम बॅग घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा वसुधानं फ्रीज उघडला. माणूस गावाला निघाला की त्याच्या हातावर दही ठेवायचं, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. इथे आल्यापासून तिनं ते एकदाही चुकवलं नव्हतं. या दिवसांत तर नाहीच.

"दही कुठंय?"

"दुधात," अण्णा म्हणाले.

"सगळं?"

"अगं, बस डिझेलवर चालते, दह्यावर नाही."

श्रीराम हसला. तो अण्णांचाच मुलगा होता. वसुधा हसली नाही. ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची, आणि बस कशावर चालते हे तिला दोघांपेक्षा जास्त नेमकं सांगता आलं असतं. तिनं फ्रीजचं दार लावलं, इतकंच.

अण्णांनी जन्मात सत्यनारायण घातला नव्हता. बायको गेली तेव्हा तेरावं केलं नव्हतं, भावकीनं नावं ठेवली तरी. ती हयात असताना प्रत्येक दौऱ्याला निघताना त्यांच्या हातावर दही ठेवायची. ते मुकाट हात पुढे करायचे आणि गल्लीच्या वळणावर गेलं की तळहात रुमालाला पुसायचे. तिला ते कधी कळलं नाही. निदान ती तसं कधी म्हणाली नाही.

आता परात भरली होती. कीस इतका पातळ झाला होता की त्याच्या टिक्क्या होणं शक्य नव्हतं, आमटी झाली असती. अण्णांनी मूठभर तांदळाचं पीठ टाकलं. मग बेसन. मग आणखी थोडं.

"मीठ घातलंत?" वसुधानं विचारलं.

"घातलं."

"दोनदा घातलंत. मी बघत होते."

"मग विचारलंस कशाला?"

त्यावर ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती त्यांच्या शेजारी पाटावर येऊन बसली, हात पाण्यात बुडवला आणि पिठाचा गोळा उचलला. कोल्हापूरकडची मुलगी, भाकरी थापायचा हात. तिनं गोळा तळहातावर थापला, मधे बोटानं खळगा केला, पनीरचा चुरा भरला आणि कडा जुळवून मिटवला. पहिली टिक्की फुटून पनीर बाहेर आलं. दुसरी फुटली नाही. अण्णांनीही एक गोळा घेतला. त्यांच्या टिक्कीला एकंदरीत भारताच्या नकाशाचा आकार आला आणि वरच्या बाजूनं ती फाटली. त्यांनी ती घाईघाईनं मोडून पुन्हा गोळा केला.

दोघं टिक्क्या थापत राहिली. ताट भरत गेलं. वसुधानं कढईत तेल ओतलं, पण गॅस पेटवला नाही.

"तो आल्यावर तळू," अण्णा म्हणाले. "गार टिक्की म्हणजे नुसता चिखल."

"हो."

"लुधियान्याहून तो निघालाच नसेल. परीक्षा लांबली असेल. पोरांना काही येत नसलं की परीक्षा लांबते."

"हो, अण्णा."

"किंवा आदल्या बसनं गेला असेल. किंवा नंतरच्या."

"सकाळी साडेसातचीच मिळाली असणार त्यांना," वसुधा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, दह्याची वाट बघत बसू नकोस, साडेसातची चुकेल."

ती हे टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर अण्णांना उत्तर देता आलं असतं, चाळीस वर्षं काउंटरमागे बसून त्यांनी तेवढं शिक्षण घेतलं होतं. ती नुसती आठवून बोलली. अण्णांनी हातातली टिक्की ताटात ठेवली आणि तिच्या कडा पुन्हा पुन्हा दाबत राहिले. टिक्की केव्हाच मिटली होती.

मग ते उठले. पालथी घातलेली दह्याची वाटी त्यांनी उचलली.

"कुठे निघालात?"

"पीठ मिळून येत नाहीये. जरा आंबट पाहिजे त्यात. बीजींकडून चमचाभर दही आणतो."

"सगळ्या थापून झाल्यात, अण्णा."

पण ते अंगणात पोचले होते.

बीजी त्यांच्या मागच्या ओट्यावर टेलिफोनजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. टेलिफोनची वायर खिडकीतून बाहेर काढून तो स्टुलावर ठेवला होता, जसं एखाद्या आजाऱ्याला उन्हात आणून बसवावं तसा. बीजींचे यजमान पाटबंधारे खात्यात मोठे अधिकारी होते. ते गेले, फोन राहिला. साऱ्या गल्लीत तेवढा एकच.

"बीजी, थोडा दही मिलेगा क्या?" अण्णा भिंतीपलीकडून म्हणाले. पंजाबात येऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, हिंदी मात्र कऱ्हाडचीच होती. "आटे में डालने का है."

"टिक्की में दही?" बीजींना टिक्क्यांचं ठाऊक होतं, किसणीचा आवाज दुपारभर भिंत ओलांडत होता. "ये किसने सिखाया जी?"

"हमारे में डालते हैं."

बीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. वाटी घेतली. गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, आत गेल्या, आणि त्यांना यायला जरा वेळ लागला. आल्या तेव्हा वाटी भरलेली होती आणि दह्यावर साखर होती, चमचाभर, मधोमध.

"चीनी नहीं चाहिए, बीजी. नमकीन चीज है."

"रहने दो, भाईसाहब," बीजी म्हणाल्या. "हमारे में भी डालते हैं."

अण्णांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून त्यांनी फोनकडे पाहून मान हलवली.

"लुधियाना की लाइन मिली थी एक बार," बीजी म्हणाल्या. "मेरा बेटा जसपाल दुकान पे था. मैंने कहा, जा, कॉलेज जा, अड्डे जा, हॉस्पिटल भी देख आ. बोला, बीजी, आज के दिन?" त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "ठीक ही बोला. पगड़ी वाला जवान लड़का, घूमता फिरेगा, पूछता फिरेगा. उधर वाले पूछेंगे तू किसका आदमी है. इधर पुलिस वाले पूछेंगे तू कहाँ था. आपको एक तरफ का डर है, भाईसाहब. मुझे दोनों तरफ का."

"फिर?"

"फिर क्या. भेज दिया."

अण्णांनी वाटी सावरली. "जी," ते म्हणाले. आणि वाटी हिंदकळू न देता, एकेक पाऊल जपून टाकत ते परत निघाले. मधे एकदा थांबले. आपण कसे चालतोय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि उरलेलं अंगण त्यांनी जरा भराभर ओलांडलं.

स्वयंपाकघरात त्यांनी वाटी ताटाशेजारी ठेवली आणि तिच्यापासून दूर होऊन उभे राहिले, जणू कुणी दुसऱ्यानंच ती आणून ठेवली होती.

वसुधानं वाटीत पाहिलं. साखर अजून पुरती विरघळली नव्हती.

"पिठात घालायला?"

अण्णांनी मान फिरवली. त्यांची नजर श्रीरामच्या सकाळच्या कपबशीवर होती. ती अजून तशीच ओट्याच्या कडेला होती, दुपारभर कुणी धुवायला घेतली नव्हती.

"नाही म्हणजे," ते म्हणाले, "मी विचार करत होतो. माणूस निघून गेल्यावर... म्हणजे तो वाटेत असताना कुणी दुसऱ्यानं त्याच्या वतीनं हातावर घेतलं, तर ते चालतं का? तुझी सासू काही बोलली होती का तसं कधी?"

वसुधानं त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाच्या तोंडून असला प्रश्न ऐकू येणं हे तिला बसच्या बातमीपेक्षाही जास्त भीतीचं वाटलं असावं. ती उठली, कपबशी घेतली आणि नळाशी गेली.

"अण्णा, सकाळी मी दिलं होतं ह्यांना दही."

"कधी?"

"फाटकापाशी. तुम्ही पनीर बांधत होतात. थोडं काढून ठेवलं होतं मी आधीच."

"कशातून?"

"वाटीतूनच. तुम्ही दुधात घालायच्या आधी."

नळ चालू होता. कपबशी केव्हाच धुऊन झाली होती, तरी ती पाण्याखाली धरून उभी होती. शाळेत मुलींनी गृहपाठ न केल्याची कारणं सांगितली की ती सगळी तिला ओळखू येत, कारण तिला स्वतःला एकही नीट सांगता येत नसे.

अण्णांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. सकाळी वाटी त्यांनी फ्रीजमधून काढली तेव्हा ती काठोकाठ होती, वरची साय मोडलेलीसुद्धा नव्हती. आणि तळ निपटला होता तो याच बोटानं.

"फाटकापाशी," ते म्हणाले.

"हो."

"खाल्लं त्यानं?"

"हो. हसले, पण खाल्लं."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. मग ते पाटावर बसले, आणि बसताना त्यांनी भिंतीला हात टेकला. "बरं झालं. मला उगीचच वाटत होतं, राहून गेलं."

वसुधानं नळ बंद केला. भिंतीवरच्या उन्हाचा आता नुसता एक पट्टा उरला होता, सर्वांत वरच्या विटांवर.

"मग याचं काय करायचं?" त्यांनी वाटीकडे हात केला.

"विरजण लावते." तिनं उरलेलं पावशेर दूध कोमट करायला ठेवलं, मग बोट बुडवून पाहिलं. "साखरेचं दही नीट लागत नाही म्हणतात. पण लागेल. सोमवारी परत जायचंय ना त्यांना, तेव्हा लागेलच."

'जायचंय' हा शब्द तिनं फार स्पष्ट उच्चारला, वर्गात बोलावं तसा. वरच्या थरातली साखर चमच्यानं बाजूला सारून तिनं खालचं दही दुधात घातलं, ढवळलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आता हलवायचं नाही," ती म्हणाली.

दोघं पातेल्याच्या दोन बाजूंना बसली. मधे कच्च्या टिक्क्यांचं ताट होतं. टिक्क्यांना वरून कोरड पडायला लागली होती. अण्णांनी पाण्याचा हात करून एकेकीवरून फिरवला. भिंतीवरचा पट्टा बारीक झाला. मग वसुधा तिकडे बघेनाशी झाली. ती परातीतली सुकलेली किसाची कड नखानं खरवडत राहिली.

पलीकडे फोन वाजला.

वसुधाचं नख परातीवर थांबलं. घंटा एकदा वाजली, पुन्हा वाजली, आणि मधेच तुटली. म्हणजे उचलला. बीजींचा आवाज आला, पण तो पंजाबीत होता आणि फार खालच्या पट्टीत होता. शब्द कळत नव्हते. मग तोही थांबला. रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

"मी जाते," वसुधा म्हणाली, पण उठली नाही. तिनं परातीची कड धरली होती. "अण्णा, तुम्ही जाता का?"

अण्णांनी हात वर करून तिला गप्प केलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान जरा कलती केली होती, काउंटरमागून रस्त्याचा कानोसा घेताना करत तशी.

पलीकडच्या अंगणात रबरी चपला वाजू लागल्या. फट्, फट्. मग फटफट. मग एका पायातली चप्पल सुटल्यासारखा आवाज झाला, आणि तरीही पावलं थांबली नाहीत. एक पाय चपलेचा, एक अनवाणी, गुडघ्यांची पर्वा न करता, बीजी भिंतीकडे पळत येत होत्या.

अण्णांनी डोळे उघडले. काडेपेटी सुनेच्या हातात दिली.

"तेल तापायला ठेव," ते म्हणाले.